अक्षरं मोठी केली तेव्हा

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला राजापेठेतली ती टायपिंगची परीक्षा आठवते. मी जन्मापासून आंधळी. स्क्रीनवरचं सगळं कॉम्प्युटर हेडफोनमधून कानात वाचून दाखवतो आणि मी टाइप करते. कॉपी होऊ नये म्हणून परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी सगळ्यांचे मोबाइल जमा केले, त्यात माझा हेडफोनही गेला. मी म्हटलं, "साहेब, ऐकल्याशिवाय मले उतारा कसा समजन?" ते जवळ आले, दोन-चार बटणं दाबली आणि मायेनं म्हणाले, "घे बाई, अक्षरं मोठे करून देल्ले तुले." कूलर घरघरत होता, अर्धा तास मी मांडीवर हात ठेवून बसले. आता अकोल्याला दिव्यांगांच्या जागेवर नोकरी करते. परवा इथल्या साहेबांनी माझ्या टेबलावर खास नवा दिवा बसवून दिला. मी थँक्यू म्हटलं.