एकदांडीची फुलं अन् आत्याचे पाय

अहो, लय मजा झाली होती! मामाच्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता अन् मला चुडाव्याच्या रस्त्याकडेला फुललेली एकदांडीची रानफुलं त्यात पायजे होती. तेवढ्यात आत्या आडवी आली.

"फुलांचा फोटो? शेळ्या खातात ते! माजा काढ. अन् पाय दिसले पायजेत, अर्धा फोटो अपशकुनी असतो!"

"बरं आत्या, फुलांच्या मागं उभी ऱ्हा," म्हणत मी कॅमेरा हळूच खाली वळवला.

फोटो धुऊन आला तर पुढं फुलंच फुलं अन् मागं आत्याचे नुसते पाय! मी आधीच दाराकडं सरकले होते.

आत्यानं फोटो डोळ्याजवळ नेला. "अगं बया, नवी जोडवी कशी झकास आली! तोंड काय, समदं गाव रोजच बघायलंय."