बबनमामांचं पिवळं गायरान

बातमी छापली की संपते. न छापलेलं मात्र साचत जातं आणि चहाच्या टपरीवर किस्सा होऊन बाहेर पडतं. माझ्याकडचा सगळ्यात मोठा साठा कॉसमॉसचा!

चाकणजवळच्या एका गावाचं गायरान आमचा ग्रुप दर रविवारी साफ करतो. शत्रू कॉसमॉस. परदेशातून आलेलं, पिवळ्या फुलांचं देखणं झाड. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि ते माजलं की खालचं गवत मरतं. गावातल्या बबनमामांच्या म्हशी याच गायरानावर जगतात. बी धरायच्या आत ते उपटलं नाही, तर मामांना म्हशी विकाव्या लागणार. इतकं साधं आहे. पण साधं कुणाला कळतं!

*

मी तळमळून बातमी दिली, 'गायरान गिळणारी फुलं'. डेस्कवरच्या दिवट्यांनी मजकूर कापला, फोटो मोठा केला आणि मथळा दिला, 'वीकेंडला चला पिवळ्या स्वर्गात!'

शनिवारी गायरानावर गाडी लावायला जागा नव्हती. संपादकांशी कडाकडा भांडलो. ते म्हणाले, "अहो, तुमच्या बातमीचा इम्पॅक्ट तर बघा!"

*

त्याच गर्दीत एक प्री-वेडिंग शूट चाललं होतं. फोटोग्राफर ओरडला, "मामा, म्हशी बाजूला घ्या ना, फ्रेममध्ये येतायत!"

मामा शांतपणे म्हणाले, "भावा, म्हशी तुज्या फ्रेममधी न्हाई आल्या. तुजी फ्रेम त्यांच्या ताटात आलीया!"

*

आमच्यातले तांबे भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला. उपटलेली झाडं कशीही टाकलेली त्यांना खपेनात. चुन्याने चौकोन आखला, मुळं एकीकडे, फुलं एकीकडे, वर पाटी: 'रिजेक्टेड माल'. बिफोर-आफ्टर फोटो काढले आणि हुकूम सोडला, "ऑडिट होईपर्यंत हात लावायचा नाही!"

ऑडिट कोण करणार, हे ठरलंच नव्हतं. ढीग जागीच वाळला, बी सांडलं. पुढच्या पावसाळ्यात सगळ्यात दाट कॉसमॉस त्या चौकोनात, मधोमध पाटी!

मामा म्हणाले, "तांबेसायेब, माल पास झाला बगा."

*

वाकडच्या एका सोसायटीत मी तासभर स्लाइड दाखवल्या. हे विष आहे, दिसलं की उपटा, घसा फोडून सांगितलं. टाळ्या पडल्या. "काही प्रश्न?"

पहिल्या रांगेतल्या ताईंनी हात वर केला. "सर, बाल्कनीत लावायचंय. बी कुठे मिळेल?"

*

यंदा तर कहर झाला. ऐन फुलोऱ्यात तिथल्या पुढाऱ्यांनी गायरानावर 'पुष्प महोत्सव' जाहीर केला. आम्हाला तंबी, "तोवर एक फूल तोडायचं नाही!" म्हणजे तोवर बी धरणार. मी ऑफिसाऑफिसांत आवाज चढवून आलो. उपयोग शून्य.

उद्घाटनाला भूमिपुत्र म्हणून मामांचाच सत्कार ठेवलेला! शाल, श्रीफळ आणि कॉसमॉसचा हा एवढा गुच्छ. वर आग्रह, "मामा, दोन शब्द बोला."

मामा माइकवर म्हणाले, "मला काय बोलता येतंय? हिला इचारा."

त्यांची म्हैस मागोमाग मांडवात आलीच होती. मामांनी गुच्छ तिच्या तोंडाशी धरला. तिने हुंगला, फुर्रकन श्वास सोडला, तोंड फिरवलं आणि स्वागतकमानीचा केळीचा खांब खायला सुरुवात केली. कमान कलली. प्रमुख पाहुणे खुर्चीतून उठत ओरडले, "अहो, हिला चारा घालत नाही का?"

माइक मामांच्याच हातात होता.

"चारा हाय की, सायेब. त्याच्यावरच तर तुमी मांडव घातलाय!"