आत्याचा पातळ आवाज

"फाइलचा रेट प्रोजेक्टशी जुळत नाही. बदलून घ्यायचा का?" असं संगणकानं मला सरळ विचारलं होतं. मी 'नाही' दाबलं. दुसऱ्या कुणाच्या नावानं खडे फोडायला मला जागाच नाही.

भिसेगावात एका खोलीत माझं रेकॉर्डिंगचं काम चालतं. जास्त करून हळदीची गाणी. गायला कुणी येत नाही, मोबाइलमधला आवाज घेऊन येतात. तो संगणकावरच्या प्रोजेक्टमध्ये ओढायचा, खाली ढोलकी लावायची आणि डीजेला द्यायचा. त्या दिवशी चुलतभावानं आणलेला आवाज आमच्या आत्याचा होता. पळसदरीत तिनं गाणं धरल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. आवाज जाडा, घोगरा, आणि गाणं सावकाश.

रेट न जुळवल्यामुळे फाइल मुळापेक्षा वेगानं वाजली, तो आवाज पातळ झाला आणि पळायला लागला. मला कळलं नाही असं नाही, चांगलं कळलं. पण ढोलकीवर झकास बसत होता, भाऊ मान डोलवत होता, आणि सगळं पुन्हा लावायचा मला कंटाळा आला. असू दे, म्हटलं, कोण एवढं ऐकतंय!

भावाच्या मुलीच्या हळदीला आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून पाटाजवळ बसली. तिनं घसा खाकरला आणि तेवढ्यात डीजेनं माझं गाणं लावलं. बायका नाचायला उठल्या. आत्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"कोण गं ही बाई? गाणं तर आपलंच हाय," तिनं शेजारणीला विचारलं.

"तुमीच की, काकी."

आत्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग मला हात करून जवळ बोलावलं. "माझा आवाज असा हाय का रं?"

चारचौघी बघत होत्या. "असाच आहे," मी म्हटलं. मी इतका नालायक निघेन असं मलाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीच फाइल 'हो' दाबून परत घेतली. पाच मिनिटांचं काम. भाऊ ती ऐकून म्हणाला, "ही नको, म्हातारी वाटते. पहिलीच राहू दे."

आता हळदीला कुणी आत्याला गायला सांगितलं, तर ती जागची उठत नाही.

"ती बाई हाय ना," म्हणते, "तिलाच लावा."