ताईच्या उंचीची गाडी

माझी ताई काचेच्या धंद्यात आली ती लग्नामुळे. माहेरी तिच्या हातून इतक्या कपबश्या फुटायच्या की आईने तिला भांड्यांकडे फिरकायला बंदी केली होती, आणि नेमकं स्थळ सांगून आलं ते काचवाल्याचं. होकार देताना आईला मुलीपेक्षा त्या दुकानाची काळजी जास्त वाटली असणार. पण वर्ष-दोन वर्षांत ताई अशी तरबेज झाली की दाजी माप घेऊन पेन्सिल शोधेपर्यंत हिची काच कापून तयार. आता तिचे केस पिकलेत, गुडघे कुरकुरतात, तरी काचेवर हिरा फिरवताना तिचा हात पहिल्यासारखाच चालतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांच्या दुकानाला लागूनच माझं केस कापायचं दुकान आहे. मधे एकच भिंत, तीही पातळ. त्या दोघांची भांडणं माझ्या गिऱ्हाइकांना दाढीबरोबर फुकट ऐकायला मिळतात.

मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि तीही एकमेकांच्या मनातलं ओळखणारी. दाजी डाव्या टोकाला, ताई उजव्या टोकाला, हे लग्नापासून ठरलेलं. झोपायची बाजू ठरलेली असते ना, तसं. शिवाय त्यांच्या घरचा एक नियम आहे: रुसवा असेल तर काच उचलायची नाही. मन ठिकाणावर नसलं की हात घसरतो, असं दाजींचे वडील सांगायचे. त्यामुळे दोघांचं भांडण कितीही कडाक्याचं असो, पुढची मोठी ऑर्डर आली की मिटतं. लोक पोटासाठी काय काय करतात, ही दोघं गोड बोलतात.

यंदा मात्र एक रुसवा चांगलाच लांबला, आणि त्याला कारण झाली गाडी.

त्यांची पिकअप मधल्या आकाराची. छोट्या टेम्पोसारखी डगमगणारी नाही आणि ट्रकसारखी अंगावर येणारीही नाही. गल्ली अरुंद असल्यामुळे काच गाडीच्या बाहेरून टांगता येत नाही, ती हौद्यातल्या तिरक्या लाकडी चौकटीवरच उभी करावी लागते. म्हणजे आधी हौद्याच्या उंचीपर्यंत उचला, मग आत सरकवा. ही गाडी बुटकी, म्हणून त्यांना सोयीची. पण कंपनीने ती बनवणंच बंद केलं. चांगली वस्तू बंद करायची आणि तिच्या जागी भलतीच वस्तू चकचकीत रंगात विकायची, हा कंपन्यांचा आवडता उद्योग आहे. त्यात जुन्या गाडीच्या चासीला गंज लागला. मेकॅनिकने एकदा खालून पाहिलं आणि हात झटकले. म्हणाला, "वेल्डिंग करतो की, पण वेल्डिंग करायला लोखंड तर उरू द्या."

नव्या पिकअप बघायला दोघं शोरूममध्ये गेले, मीही गेलो. सगळ्या गाड्या छाती काढून उभ्या. ताई माझ्या खांद्याला लागते. तिने हौद्याच्या कडेवर हात ठेवून पाहिला तर टाचा वर झाल्या. टाचा वर करून काच उचलणं म्हणजे दवाखान्यात आधी नंबर लावून ठेवणं. परत येताना दाजी म्हणाले, "तुझी उंची पुरत नाही आता. एखादा दणकट गडी ठेवू. तू गल्ल्यावर बस."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं कामापुरतं. ताई एका दुपारी माझ्या दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून आरशात बघत माझ्याशी बोलली.

"गल्ल्यावर बसले तर मी काही मरणार नाही रे. पण मग मी त्या दुकानात नुसती असेन. काचेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी दुसरंच असेल."

मी माणसांचे केस बरे करतो, बाकी काही बरं करायला मला जमत नाही. मी म्हटलं, "जुन्यात बघू. बंद झालेली गाडी बनत नाही, पण मिळते तर."

ताई लगेच कामाला लागली. तिने लाकडाची एक पट्टी आणली, जुन्या गाडीच्या हौद्याला लावून उभी धरली आणि हौद्याच्या कडेच्या बरोबर उंचीवर करवत फिरवली. हौदा या पट्टीच्या वर गेला तर गाडी नको, असं ठरलं. मग आमची वरात निघाली. एका गाडीवर ताजा रंग होता आणि बोटाने दाबलं तर रंगाखाली भुगा. एक गाडी आम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलेली, म्हणजे सकाळी ती किती रडते हे कळू नये. बाकी काही बऱ्या होत्या, पण पट्टी लावली की हौदा वर. आमच्याच मॉडेलच्या असूनही वर. लोक जादा माल भरायला मागच्या चाकांवरच्या कमानीत लोखंडी पाटे वाढवतात, त्याने गाडी उचलली जाते, असं दाजी म्हणायचे. एका दलालाने तर विचारलं, "बाई, गाडी घेताय की बसायला स्टूल?" मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी एका सुतारकाकांचा पत्ता लागला. धंदा आवरून लेकीकडे राहायला निघालेले. त्यांच्या अंगणात सपाट सिमेंटवर तीच पिकअप उभी होती, तोच रंगसुद्धा. आम्ही आमच्या जुन्या गाडीतूनच गेलो होतो, चढवून बघायला एक मोठी काच घेऊन. रुसवा असल्यामुळे ती शेजारच्या दोन पोरांनी गाडीत चढवून दिली होती.

दाजींनी आधी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी सायलेन्सरपाशी उकिडवा बसलो होतो, धूर नाही की ठसका नाही. गिऱ्हाइकाला मान दाखवायचा माझा आरसा मी बरोबर आणला होता, तो खाली धरून चासी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. धूळ होती, गंज नव्हता. सुतारकाकांनी स्वतःहून सांगितलं की डाव्या दाराची काच खाली होत नाही, फाळक्याच्या बिजागरीला गंजाचा फोड आहे आणि मागचे टायर बदलावे लागतील. दाजींना मोठी धास्ती होती ती सुट्या भागांची. बंद झालेल्या गाडीचं एखादं फडतूस चाक अडलं तरी ती अंगणात कुंडीसारखी पडून राहते. पण इंजिन सध्या बनणाऱ्या दुसऱ्या एका गाडीतही तेच येतं, आमच्या मेकॅनिकने ते आधीच सांगून ठेवलं होतं, आणि काकांकडे क्लचपासून दिव्यांपर्यंत सुटे भाग पेटीत नीट बांधून ठेवलेले. दाजींनी गाडी रस्त्यावर फिरवून आणली. उतरताना त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल दिसला.

मग ताईने पट्टी लावली. हौदा चार बोटं वर.

तिने पट्टी काखेत मारली आणि जुन्या गाडीकडे चालू लागली. दाजी भडकले, आणि तेही भलत्यावर.

"काका, पाटे वाढवलेत तुम्ही. सांगितलं का नाही?"

"मी पाट्यांना हातही लावलेला नाही," सुतारकाका म्हणाले. "खोटं बोलायचं असतं तर बिजागरीचा फोड कशाला दाखवला असता? जा, खाली झोपा आणि बघा."

दाजी झोपले आणि बघितलं. नट जुने, कुणी कधी पाना लावल्याची खूण नाही. ते कपडे झटकत उठले. तेव्हा काका म्हणाले, "तुमची गाडी जरा आत घ्या. इथे, हिच्या शेजारी."

मी गाडी आत घेतली आणि उतरून मागे आलो. दोन गाड्या एका सिमेंटवर, एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. काकांची सरळ उभी होती. आमच्या गाडीने मागून बूड टेकवलं होतं. इतक्या वर्षांच्या काचा वाहून तिचे पाटे बसून गेले होते, हळूहळू, रोज बघणाऱ्याला कधीच कळू नये असे. आणि आम्ही या गाडीचं माप घेऊन चांगल्या-चांगल्या गाड्या नाकारत फिरत होतो. वाकलेल्या म्हाताऱ्याचा सदरा माप म्हणून शिंप्याकडे न्यावा, तसला प्रकार. मला हसू आलं आणि दलालाला दिलेल्या उत्तराची थोडी लाजही वाटली.

ताई मात्र हसली नाही. ती दोन्ही हौद्यांकडे आळीपाळीने बघत होती. "म्हणजे आपली नवी होती तेव्हा मी या उंचीवर काच चढवत होते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तेव्हा."

आता खरा प्रश्न उघडा पडला. गाडी चांगली होती आणि पट्टी चुकीची होती. पण मधल्या वर्षांत गाडी खाली खाली जात राहिली आणि ताईचा हातही तेवढाच खाली उतरला असेल तर?

"चढवून बघू," ताई म्हणाली.

दाजी म्हणाले, "आपलं बोलणं नाही धड. नियम आहे."

"आज नियम राहू दे."

दोघांनी आमच्या गाडीतली काच उतरवून खाली घोंगडीवर टेकवली. मग आपापल्या टोकाला उभे राहिले आणि उचलली. ताईचं टोक वर गेलं, छातीपर्यंत, अगदी सहज. दाजींचं टोक कमरेशी येऊन थांबलं. काच तिरकी झाली. मला वाटलं, रुसव्याने केला घात. या धंद्यात पहिला धडा हा की सुटणाऱ्या काचेला वाचवायचं नाही, हात सोडायचा आणि मागे उडी मारायची. ताईने हात सोडला नाही. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि आपलं टोक सावकाश त्याच्या टोकाएवढं खाली आणलं. काच घोंगडीवर टेकली.

"खांदा?" ताईने विचारलं.

दाजींनी मान खाली घातली. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने धरला होता.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. वर जातच नाही. आपल्या गाडीवर भागत होतं."

"आणि मला सांगितलंत की माझी उंची पुरत नाही."

"दणकट गडी आला असता तर त्याने भार घेतला असता, माझं झाकलं गेलं असतं." दाजी खांदा चोळू लागले. "तुला कळलं असतं तर तू मलाच गल्ल्यावर बसवलं असतंस. मग मी काय करू तिथे? मला तर सुट्टे पैसेही पटकन देता येत नाहीत."

मला त्यांचा असा राग आला की हातात वस्तरा नव्हता तेच बरं. इतके दिवस माझी बहीण आपण म्हातारी झालो, आखूड झालो असं समजून झुरत होती. पण ताईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती चक्क मोकळी झाली होती, तापातून उठलेल्या माणसासारखी. तिला टोकावरून कुणी काढत नव्हतं, एवढंच तिने त्यातून घेतलं असावं.

"डावा हात कसा आहे?" तिने विचारलं.

"डावा ठणठणीत आहे."

"मग इकडे या. मी तिकडे जाते."

डाव्या टोकाच्या माणसाचा उजवा हात काचेखाली असतो आणि भार त्यावर येतो. उजव्या टोकाला त्याच्या उलट. एवढी साधी गोष्ट, पण टोकं बदलता येतात हे त्या दोघांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दोघं जागा बदलायला निघाले तर समोरासमोर आदळले. काच धरली तर दाजींना पाय कुठला पुढे टाकावा कळेना. नवशिक्यांपेक्षा वाईट. सुतारकाकांनी तोंड फिरवलं, बहुतेक हसायला.

ताई म्हणाली, "हं."

काच उठली. दोन्ही टोकं बरोबर, कमरेच्या वर, छातीशी. ताईच्या टाचा जमिनीवर होत्या, मी दुसरीकडे कुठे बघतच नव्हतो. काच हौद्याच्या कडेवर टेकली आणि आत सरकली. मी केव्हापासून मुठी आवळून उभा होतो ते मला बोटं दुखायला लागल्यावर कळलं.

दाजी हौद्याला टेकून उभे राहिले. ताईकडे न बघता म्हणाले, "कमी मी पडत होतो आणि मोजत तुला होतो."

ताईचे डोळे भरले. तिने ते पदराने पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उद्या आधी डॉक्टरकडे जायचं. मला या टोकाची सवय व्हायला वेळ लागेल, तोवर तुम्ही टिकायला हवं."

"बरं," दाजी म्हणाले, आणि काच नीट बांधायला दोरी शोधू लागले.