आंबट कशाचं?

आई गेली त्या साली पावसाळा संपल्यावर मी बापाला लोणावळ्याला घेऊन आलो. मी रेल्वेत नुकताच कायम झालो होतो, लग्न व्हायचं होतं, आणि खाली अलिबागेकडच्या आमच्या कोळीवाड्यात त्याला एकट्याला ठेवायला मन धजत नव्हतं. त्यानं माझ्याजवळ राहावं, एवढं एकच मला हवं होतं. पण म्हातारा जेवेना. लोणावळ्याच्या हवेला नाव ठेवायला जागा नव्हती. मुंबईचे शेटलोक ती खायला गाड्या भरभरून यायचे. कोळ्याचं पोट मात्र हवा खाऊन भरत नाही.

मला धड चहाही करता येत नव्हता, म्हणून आम्ही दोघं खानावळीत जेवायचो. स्टेशनाजवळच्या पहिल्याच खानावळीत ताटात पिठलं आलं. बापानं ते बोटानं बाजूला सारलं आणि विचारलं, "आंबट हाय काय?" आमच्याकडं माशाच्या पातळ कालवणालाच आंबट म्हणतात. घाटावरच्या माणसाला ते कसं कळावं? मालक "व्हय आबा, आनतो की" म्हणत आत गेला आणि अर्धं लिंबू घेऊन आला. बापानं आधी लिंबाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं, जणू ते मीच पिकवलं होतं. दुसऱ्या ठिकाणी चिंचेची चटणी आली, तिसऱ्या ठिकाणी ताकाची कढी. मी मालकाला समजावून सांगायला लागलो की बाप म्हणायचा, "राहू दे. ज्याला सांगावं लागतं त्याला रांधता येत नाय."

मीही त्याचाच मुलगा. सुट्टी मिळाली की त्याला घेऊन खानावळी पालथ्या घालू लागलो. कार्ल्याला रस्त्याकडेला झापाचं एक हॉटेल होतं. तिथला भात असा, की त्याचा वास बाहेरच्या खाचरापर्यंत यायचा. हॉटेलवाला म्हणाला, "आज नदीचं मासं हायती, आबा. लय ग्वाड!" मला वाटलं, आता फत्ते झाली. बापानं एक तुकडा तोंडात घातला, सावकाश गिळला आणि हात धुतला. "चिखूल," एवढंच बोलला. असा राग आला मला! आज त्या भाताच्या आठवणीनं तोंडाला पाणी सुटतं. तेव्हा मला तो सुखानं खाताही आला नाही.

शेवटी आमच्या स्टेशनावरच्याच एका पोर्टरनं सांगितलं, की बाजारामागच्या बोळात एक मावशी सुक्या मासळीचं जेवण घालते. गेलो. एक अंधारी खोली, चार पाट आणि डोळे चुरचुरतील इतका धूर. बाप पाटावर बसला आणि नुसत्या सवयीनं म्हणाला, "आंबट हाय काय?"

"कशाचं?" चुलीकडून आवाज आला. "बोंबलाचं का सुकटीचं?"

बापानं मान वर केली. इतक्या दिवसांत त्याचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

मावशी रेवदंड्याची निघाली. लग्न होऊन घाट चढून आली, ती पुन्हा खाली उतरलीच नव्हती. बोली पार मावळातली झाली होती, पण हात समुद्राकडचाच राहिला होता. वाढता वाढता ती विचारत सुटली: खाडीच्या चिखलात निवट्या मासे गावतात का अजून? वलांड्या बांधल्या असतील ना एव्हाना? वलांडी! बोंबील वाळत घालायच्या त्या बांबूच्या मांडवाचं नाव मीही कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. बाप सांगत होता आणि जेवत होता, आणि मी त्याच्याकडं बघत खुशीत होतो. आता हा इथं रुळणार. रोज इथंच जेवायला यायचं, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं.

तेवढ्यात त्याचा हात थांबला. "आमची वलांडी यंदा कोन बांधनार?" तो ताटाकडं बघत म्हणाला.

"मग हितं काय करताय, आबा?" मावशी म्हणाली. "माजं तितं कुनी ऱ्हायलं न्हाई, म्हनून मी जात न्हाई. तुमाला कुनी आडवलंय?"

दोघांपैकी कुणी माझ्याकडं पाहिलं नाही, पण अडवणारा कोण हे तिघांनाही ठाऊक होतं. बाप भातात बोटं फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "जाऊ काय रं मी?"

उधाणात होडी घालतानाही ज्यानं कधी कुणाला विचारलं नाही, तो माझ्याकडं परवानगी मागत होता. त्याला राखायला मी ज्या चवीमागं इतका हिंडलो, तीच त्याला घेऊन चालली होती.

"जा," मी म्हणालो.

त्यानं ताट पुढं सरकवलं. "बाय, भात आन अजून," तो मावशीला म्हणाला. लोणावळ्यात आल्यापासून त्यानं कधी पुन्हा भात मागितला नव्हता.