तीन बॉलकॉकची चोरी

पोलीस खात्यात उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्रात पकडलेला चोरटा मालही पाहिला. त्यातलं बरंचसं आता धूसर झालं आहे. पण बोईसरच्या एका इमारतीच्या गच्चीवरून गेलेल्या तीन बॉलकॉकचं प्रकरण कालच घडल्यासारखं डोळ्यांपुढे उभं राहतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी त्या भागात फौजदार होतो. तारापूरच्या बाजूला कारखाने वाढत होते, रोज नवी माणसं येत होती. इमारती भराभर उठल्या, पण पाणी होतं तेवढंच. तीन-चार गावांची मिळून एक नळयोजना होती. योजनेची मोठी टाकी टेकाडावर असल्यामुळे दुमजली इमारतींच्या गच्चीपर्यंत पाणी आपोआप चढत असे. सकाळी अकराला पाणी येई आणि तास-दीड तासात जाई. इमारतींच्या टाक्या भरून वाहत राहत, आणि पाइपाच्या शेवटी असलेल्या वाड्यांना थेंब मिळत नसे.

त्या उन्हाळ्यात तिथल्या ग्रामपंचायतीने नियम केला. प्रत्येक इमारतीच्या टाकीला बॉलकॉक हवा, म्हणजे टाकी भरली की तरंगणारा गोळा वर येऊन पाणी आपोआप बंद व्हावं. सामायिक जागेत दाबला तरच चालणारा नळ हवा. संडासातल्या पाण्याच्या टाक्या लहान आकाराच्या हव्यात. गळका नळ आठ दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर जोडणी तोडली जाईल. नियम चांगला होता, हे मी आजही म्हणेन.

एके दिवशी दुपारी एका सोसायटीचे सेक्रेटरी ठाण्यात आले. कारखान्यात हेडक्लार्क होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात टाइप केलेला अर्ज. नियमाचा मसुदा करणाऱ्या समितीवर ते स्वतः होते.

"साहेब, मागच्या विंगच्या टाकीचा बॉलकॉक चोरीला गेला. ही तिसरी वेळ. आम्ही बसवतो आणि चार दिवसांत कोणीतरी काढून नेतो. उद्या पंचायत माझ्याच इमारतीचं पाणी तोडेल. मी लोकांना तोंड कसं दाखवू?"

ठाणे अंमलदार असलेल्या हवालदारांनी मिशीआड हसू लपवलं. मी फिर्याद लिहून घेतली.

"संशय कोणावर?"

"वॉचमनवर. गच्चीची चावी एकट्या त्याच्याकडे असते. डोंगरातला माणूस आहे. पितळ भंगारात विकत असणार."

"बसवतो कोण?"

"चिंचणीचे एक जुने प्लंबर आहेत. देवमाणूस. तिसऱ्या वेळी बिचाऱ्यांनी मजुरीही घेतली नाही."

हे शेवटचं वाक्य मी स्टेशन डायरीत लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता वॉचमनला आणलं. तिशीचा, काटक अंगाचा. जव्हारकडच्या पाड्यावर त्याची पावसावर पिकणारी थोडी नागली, म्हणजे नाचणी, होती. पीक निघालं की बायको-लेकरांसह बोईसरला यायचं आणि मिळेल ते काम करायचं. साहेबासमोर बसायचं कसं, म्हणून तो उभाच राहिला.

"बॉलकॉक तू काढलेस?"

"नाय, साहेब."

"मग कोणी काढले?"

तो दाराबाहेर पाहू लागला.

"तुला माहीत आहे की नाही?"

"माहीत हाय."

"मग सांग."

"नाय सांगणार, साहेब."

हवालदार खुर्चीतून अर्धे उठले. मी त्यांना हातानेच थांबवलं. नोकरीत 'माहीत नाही' हे उत्तर मी हजारदा ऐकलं आहे. माहीत आहे पण सांगणार नाही, असं तोंडावर सांगणारा आरोपी मला तोवर भेटला नव्हता. चोर खोटं बोलतो, ते त्याला सोपं पडतं. या माणसाला खोटं बोलायचं नव्हतं आणि कोणाचं नावही घ्यायचं नव्हतं. हे कळत असूनही मी आवाज चढवला. तुरुंगाची भीती घातली, नोकरी जाईल म्हणालो, झोपडं उठेल म्हणालो. त्याने मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला. शेवटी मी त्याला बाकड्यावर बसवून ठेवलं.

दहाच्या सुमारास ठाण्याच्या दाराशी माशांची पाटी उतरली. नवापूरकडच्या कोळीवाडीतली एक मावशी रोज त्या बाजूला मासे विकायला येत असे. आमच्या हवालदारांना बोंबील तिच्याकडचेच लागत. आज ती पाटी बाहेर ठेवून सरळ माझ्या टेबलापाशी आली.

"सायेब, त्या वाचमनला कशाला धरलाय? त्याची बायको रडतंय तिकडं."

"चोरीचा संशय आहे, मावशी."

"चोरी! अवो, त्या बिल्डिंगीची टाकी वाहते ना, त्या दिशी आमच्या वाडीच्या नळातना नुसता वारा येतो. मधी चार दिवस टाकी वाहायची थांबली, तवा आमाला दोन-दोन हंडे गावले. मंजे त्या टाकीवर माझा पण राग हाय. पण चोर तो नाय."

"मग कोण?"

"ते मला ठाव नाय. तुमी अकराला जाऊन बघा. पुढना नको, पुढना सगळ्या बिल्डिंगी सारख्याच. मागना जा." ती निघाली आणि दारातून परत वळली. "आनि सायेब, मी बोलली म्हणून त्या पोरींचा पाणी तोडू नका. शपथ हाय."

कोणत्या पोरी, ते मला कळलं नाही. पण जिचा स्वतःचा हंडा रिकामा राहतो ती बाई दुसऱ्याच्या पाण्यासाठी शपथ घालते, एवढं डोक्यात राहिलं.

अकराच्या आधीच मी आणि हवालदार त्या इमारतीच्या मागे गेलो. कुंपणाच्या भिंतीपलीकडे ताडपत्री आणि पत्र्याच्या वीस-पंचवीस झोपड्या होत्या. सगळी वॉचमनसारखीच डोंगरातून कामाला आलेली माणसं. मागच्या विंगच्या गच्चीतून एक पाइप भिंतीपलीकडे आला होता, टाकीचं जादा पाणी बाहेर टाकणारा. त्याच्याखाली हंडे, कळशा, तेलाचे पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले. पंधरा-वीस बायका उकिडव्या बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्या, पण एकीनेही हंडा उचलला नाही.

अकरा वाजून गेले. टाकी भरली आणि पाइपातून पाणी कोसळू लागलं. भांडण नाही, गोंगाट नाही. एक हंडा भरला की सरकायचा आणि दुसरा पुढे यायचा. एक थेंब मातीत पडत नव्हता. जे पाणी पंचायतीने नियमात 'अपव्यय' म्हणून लिहिलं होतं, त्यावर ही वस्ती जगत होती. झोपड्यांची पंचायतीच्या दप्तरी नोंद नव्हती, म्हणून त्यांना नळ नव्हता. बॉलकॉक बसला की त्यांना दूरच्या ओढ्यातल्या डबक्यावर जावं लागे, आणि त्यात तर कारखान्यांकडून वाहून आलेलं पाणी मिसळलेलं.

मी गच्चीवर गेलो. टाकीचं झाकण काढून पाइपाचं उघडं टोक पाहिलं आणि थबकलो. भंगारचोर काय करतो? हिसका मारतो, पाइप वाकवतो, पळतो. इथे पाइपाच्या आट्यांना ओरखडाही नव्हता. उलट ते खराब होऊ नयेत म्हणून त्यांना ग्रीस लावलेलं होतं. ज्याने काढलं त्याला ते पुन्हा कधीतरी बसवायचं होतं.

"हवालदार, प्लंबरला बोलवा. जाणकार म्हणून पंचनाम्याला हवेत म्हणावं."

ते जवळच्याच इमारतीत काम करत होते. साठीचे, पांढरी टोपी, खांद्यावर पान्यांची कॅनव्हासची पिशवी. टाकीत वाकून त्यांनी पाहिलं.

"काका, हे काम कसल्या माणसाचं वाटतं?"

"चांगल्या कारागिराचं हाय," ते हळूच म्हणाले.

"वॉचमन चांगला कारागीर आहे का?"

"तो? त्याला पाना उलटा की सुलटा कळायचा नाय."

"सकाळपासून तो ठाण्यात बसला आहे. विचारलं तर म्हणतो, माहीत आहे पण सांगणार नाही."

काकांनी पिशवी खांद्यावरून उतरवली. टाकीच्या कठड्याला हात टेकला.

"त्याला सोडा, साहेब. मीच केलंय ते. चावी त्यानं दिली, पण हात माझा. तीनही घरी ठेवलेत, फडक्यात गुंडाळून. एक पण इकला नाय."

"का केलंत, काका? नियम तुम्हाला ठाऊक होता."

"नियम चांगलाच हाय. चाळीस वर्सं मी दुसरं काय केलं? लोकांचे गळते नळ बंद केले. रस्त्यात नळ ठिबकताना दिसला तर बिनबोलावता वायसर बदलून पुढं जायचा मी. ह्या टाकीला पहिला बॉलकॉक लावला, पाणी बंद झालं. बरं वाटलं. मग भिंतीपलीकडनं खाली बघितलं. एक बाई त्या पाइपाखाली बसली होती, पोर कडेवर. वर बघून मला म्हणते, 'दादा, आज पाणी कवा येल?' मीच बंद करून उभा होतो, साहेब. तिला काय सांगू?"

"म्हणून काढलात."

"सेक्रेटरीसाहेब म्हणाले परत लाव, परत लावला. चार दिवस झोप नाय. परत काढला. तिसऱ्यांदा पण तेच."

मी त्यांना कोळीवाडीतल्या मावशीचं सांगितलं. इथली टाकी वाहते त्या दिवशी तिथल्या नळातून वारा येतो, हे. ते ऐकून काकांनी डोक्यावरची टोपी काढली.

"तिकडचे नळ पण मीच लावलेत," ते म्हणाले. "हे माझ्या ध्यानातच आलं नाय."

या प्रकरणासाठी सेक्रेटरींनी त्या दिवशी रजा काढली होती; मी त्यांना वर बोलावून घेतलं. ते पुढच्या विंगमध्ये राहत, मागची बाजू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. पाणी अजून चालू होतं. कठड्यावरून त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. तो माणूस कडक होता, पण दुष्ट नव्हता.

"मला हे कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

काका पटकन म्हणाले, "मी सांगायला पायजे होतं. भीती वाटली, तुमी पाइपच बंद कराल."

सेक्रेटरी पुन्हा खाली पाहू लागले. कदाचित त्यांनी तेच केलं असतं.

त्या दुपारी काकांचा जबाब घेतला. चिंचणीला त्यांच्या घरी जाऊन पंचांसमक्ष मुद्देमाल ताब्यात घेतला. तीनही बॉलकॉक खरंच पुसून ठेवलेले होते. मग मी वरिष्ठांपुढे कागद ठेवले. त्यांनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. तो इथे कुठे आहे, ते मला दाखवा." मला दाखवता आला नाही. तसा अहवाल न्यायालयात पाठवला. फिर्यादींनीही आपली तक्रार नाही असं लिहून दिलं. न्यायालयाने आमचं म्हणणं मान्य केलं आणि प्रकरण मिटलं.

खरं काम त्यानंतरचं होतं, आणि ते पोलिसांचं नव्हतं. सेक्रेटरी तीन वेळा पंचायतीत गेले. नोंद नसलेल्या वस्तीला नळ द्यायचा कसा, असा पेच पडला. तेव्हा त्यांनीच तोड काढली. सोसायटीच्या जोडणीतून टाकीच्या अलीकडे एक फाटा घ्यायचा, भिंतीपलीकडे नळ काढायचा आणि त्याची जबाबदारी सोसायटीने घ्यायची. अर्ज अर्थातच टाइप केलेला होता. पंचायतीने लेखी परवानगी दिली. अट एकच, नळ नियमाप्रमाणे दाबला तरच चालणारा हवा.

तो नळ काकांनी बसवला, आणि त्याच दिवशी गच्चीवर चौथ्यांदा बॉलकॉकही. शिडी धरायला खाली सेक्रेटरी उभे होते. पहिल्या दिवशी बायकांनी काकांना भरपूर ऐकवलं. एका हाताने नळ दाबायचा तर हंडा कोणी धरायचा? काकांनी हंडा ठेवायला दगडी ओटा बांधून दिला. आठवड्याभराने मावशी बोंबील घेऊन ठाण्यात आली तेव्हा मी वाडीतलं पाणी विचारलं. "येतंय," ती म्हणाली. "बारीक धार हाय, पण येतंय. आता वाऱ्याचा हंडा भरायला नको."

राहिला वॉचमन. त्याला मी त्याच दुपारी सोडलं होतं, पण मनाला टोचणी होती. वस्तीला नळ लागला त्या दिवशी मी मुद्दाम तिकडे गेलो. तो इमारतीच्या फाटकात उभा होता. मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला उगाच बोललो. माझं चुकलं."

तो इतका अवघडला की काय करावं ते त्याला सुचेना. फाटकच उघडून धरलं.

"पण तू मला सगळं सांगितलं असतंस तर अर्धा दिवस बसावं लागलं नसतं."

"कसं सांगणार, साहेब?" तो म्हणाला. "तुमी इचारलं कोणी केलं. नाव घ्यायचं नाय असा काकांना शबुद दिलेला. का केलं, ते तुमी इचारलंच नाय."

त्यात तक्रार नव्हती. फक्त घडलं ते त्याने सांगितलं. मी मात्र फाटकातच उभा राहिलो. सकाळभर त्या माणसाला मी किती प्रश्न विचारले होते! प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर त्याने दिलं होतं किंवा देणार नाही असं खरं सांगितलं होतं. जो एक प्रश्न विचारायला हवा होता, तो माझ्याच तोंडातून निघाला नव्हता.

पुढे नोकरीत नवे फौजदार माझ्या हाताखाली आले. जबाब कसा लिहावा, पंचनाम्यात काय सुटू नये, हे सगळं मी त्यांना शिकवलं. आणि दरवेळी एक सांगितलं. 'कोणी' हे विचारायचंच, ते आपलं कामच आहे. पण त्याच्यामागोमाग 'का' हेही विचारायचं, आणि समोरच्याला आधी बसायला सांगून विचारायचं.