तिसरी 'ब'ची बोलण्याची परीक्षा

कांचन देशकरांच्या परीक्षेत कुणाचं खोडरबर खाली पडलं तर शेजारच्या वर्गात ऐकू जायचं. खोटं वाटत असेल तर लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या त्या शाळेत जाऊन कुणालाही विचारा. अकरा वर्षं बाई तिथल्या एग्जाम इन्चार्ज. नवरा श्रीरंग मानक नगरला रेल्वेत इंजिनियर. त्याच्या बदलीमागोमाग त्या अकोल्याहून लखनौला आल्या, दोन वर्षांत परत जाऊ म्हणाल्या, आणि इथल्याच होऊन बसल्या. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि रागावल्या की दोन्हींची खिचडी.

त्यांची एक पद्धत होती. पेपरच्या दिवशी सकाळी बाई वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या आणि उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवायच्या. बस्स, चाळीस मुलांची चाळीस बोटं चाळीस ओठांवर. पेपर संपेपर्यंत वर्ग चिडीचूप. पहिलीतली पोरं अक्षरं शिकायच्या आधी हे शिकायची. बाईंना ह्याचा फार अभिमान होता, आणि का नसावा? बाकीच्या शाळांत परीक्षा म्हणजे नुसता मासळीबाजार.

यंदा वरून आदेश आला. तिसरीतल्या प्रत्येक मुलाचं वाचन आणि बोलणं तपासायचं. परीक्षक दुसऱ्या शाळेचा. मुलानं एकेकट्यानं समोर बसायचं, उतारा वाचायचा, मग चित्र बघून दोन मिनिटं बोलायचं, आणि गुण तिथल्या तिथे टॅबवर. शाळेच्या व्यवस्थापनानं त्यात आपली मेख मारून ठेवली. तिसरी 'ब'ची नीलम वर्षभर तात्पुरती होती. तिचा वर्ग ह्या परीक्षेत चांगला निघाला तर ती कायम, नाहीतर नमस्कार.

नीलम चोवीस वर्षांची, गोष्टी सांगून सांगून घसा बसवून घेणारी पोरगी. ती मुळीच घाबरली नव्हती. "मैडम, मेरे बच्चे तो चुप ही नहीं होते," ती हसत म्हणाली. कांचनबाईंचा तिच्यावर जीव होता, म्हणून ह्या वेळची तयारी त्यांनी स्वतः केली. वेळापत्रक आखलं, स्वतंत्र खोली झाडून घेतली, टॅब दोनदा चार्ज केला. आणि परीक्षेच्या सकाळी, सवयीप्रमाणे, तिसरी 'ब'च्या दारात उभं राहून बोट ओठांवर ठेवलं. बोलण्याच्या परीक्षेला हो. इतकी हुशार बाई, पण त्या क्षणी डोक्यात उजेड पडला नाही तो नाहीच.

परीक्षक गजेंद्र सिंह चारबागकडच्या एका शाळेतले, निवृत्तीला आलेले, स्वभावानं लोण्यासारखे. पहिला मुलगा आला. उतारा त्यानं ओठ न हलवता, मनातल्या मनात वाचला. चित्र दाखवलं तर बोट ओठांवर. दुसरा तसाच. तिसरी मुलगी, चौथा, पाचवी अंतरा, जी एरवी रिक्षावाल्या भैयाचंही डोकं खाते, तीही मिठाची गुळणी धरून बसली. प्रत्येक जण चित्राकडे न बघता दाराकडे बघत होता. दारात देखरेखीला कोण उभं होतं, ते सांगायला नकोच.

"बोलो बेटा, बोलो," बाई दारातून म्हणाल्या. झालं काय, की अंतरानं बोट आणखी घट्ट दाबलं.

बाहेर नीलमचा चेहरा पांढराफटक पडला होता. पाच मुलं, पाच शून्यं. मग गजेंद्रजी खुर्चीतून उठून अगदी हळू आवाजात म्हणाले, "मैडम, बुरा न मानिए तो आप ज़रा बाहर चली जाइए. जो नहीं बोले, उन्हें आख़िर में फिर बुला लेंगे. नियम में है."

बुरा कसा नाही मानणार? अकरा वर्षांत परीक्षेच्या खोलीतून बाईंना कुणी बाहेर काढलं नव्हतं. कान गरम झाले, डोळे भरून आले. पण त्या गेल्या. जाता जाता नीलमला म्हणाल्या, "तेरी कोई गलती नहीं. मैंने किया है ये." नीलम त्यांच्याकडे न बघता पुढच्या मुलाला बोलवायला वळली, ते बाईंना जास्त लागलं.

बाई गेल्या आणि खोलीतून आवाज यायला लागले. आधी कुजबुज, मग खळखळाट. कुणी आजोबांच्या बकरीबद्दल बोललं, कुणी दोन मिनिटांची घंटी वाजली तरी थांबेना. दुपारपर्यंत नीलमच्या चेहऱ्यावर रंग परतला. पहिले चौघेही दुसऱ्या फेरीत धडाधड बोलून गेले. नीलमची नोकरी वाचली, एवढं कांचनबाईंना परीक्षेच्या खोलीमागच्या खिडकीखालच्या पायरीवर बसूनही कळलं. तरी त्या उठल्या नाहीत. अंतरा तेवढी राहिली होती.

गजेंद्रजींनी तिला चित्राऐवजी दुसरा प्रश्न विचारला. ओळखीच्या एका माणसाबद्दल सांग.

"कांचन मैडम," अंतरा म्हणाली.

बाईंना वाटलं, आता आपली नक्कल होणार. होऊ दे, आहोतच त्या लायकीच्या.

"मैडम से सब डरते हैं," अंतरा सांगू लागली. "पर छुट्टी के बाद वो ऑफ़िस में फ़ोन पर बात करती हैं. अपनी भाषा में. तब इतना ज़ोर से हँसती हैं कि चश्मा उतारना पड़ता है. हम लोग खिड़की के नीचे बैठकर सुनते हैं. समझ में कुछ नहीं आता. पर अच्छा लगता है. हमसे वैसे कभी नहीं बोलतीं."

गजेंद्रजींनी किती गुण दिले ते बाईंनी नंतर पाहिलं. त्या वेळी त्या पायरीवर पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. आपल्याला ऐकायला पोरं खिडकीखाली येऊन बसतात, आणि आपण अकरा वर्षं त्यांना गप्प करत आलो.

अंतरा मागच्या दारानं बाहेर आली, बाईंना तिथे बघून जागच्या जागी थिजली. बाईंना हिंदीत काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं, पण तोंडून आपसूक मराठीच आलं. "ये गं इकडे. बस माझ्याजवळ."

शब्द पोरीला कळले की नाही कुणास ठाऊक, पण ती येऊन बसली. थोडा वेळ चपलेच्या बक्कलाशी चाळा करत राहिली.

"मैडम, फ़ोन पे कौन होता है?"

"मेरी बड़ी बहन," बाई म्हणाल्या, आणि ताईबद्दल सांगायला लागल्या.